'काही झालं तर?' याला उत्तर नसतं, 'काय झालं तर?' याला असतं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही समजेल.

मुलगी दहा वर्षांची, पाचवीत. घर जुळे सोलापुरात. चित्रकलेचा क्लास साधारण सातशे मीटरवर, मध्ये एक मोठा रस्ता. ती म्हणते, "मी सायकलवर एकटी जाते." तुम्हाला मनातून पाठवावंसं वाटतं. सासूबाई म्हणतात, "पोरीची जात आहे, काही झालं तर?" मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार घरी येतात, आणि "आई म्हणते तसं कर" म्हणून मोकळे होतात. त्यातच सोसायटीच्या ग्रुपवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला. मग तुम्ही विचारलंत, "मीच निष्काळजी आहे का?"

निष्काळजी बाईला हा प्रश्न पडत नाही. पण नुसती तुमची पाठ थोपटून तुमच्या हाती काही लागणार नाही. मी बारा वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि त्यानंतरची दहा-अकरा वर्षं पालक आणि मुलांचं समुपदेशन करते. पाठवायचं की नाही हा प्रश्न घेऊन पालक येतात तेव्हा मला बहुतेक वेळा एकच अडचण दिसते. घरातल्या सगळ्यांच्या भीत्या एका गाठोड्यात बांधलेल्या असतात आणि त्या गाठोड्याचं नाव असतं 'काही झालं तर'. 'काही'वर कुणालाच इलाज करता येत नाही. म्हणून मी कागद पुढे करते आणि म्हणते, काय होईल ते लिहा. एकेक.

मग यादी येते. पळवून नेतील. गाडी ठोकेल. कुत्रं चावेल. कुणी नको तिथे हात लावेल. वाट चुकेल. सायकलची चेन पडेल. ऊन लागेल. एका आजोबांनी 'नजर लागेल' लिहिलं होतं, ते मी तसंच राहू दिलं. त्यांची यादी होती. एक गोष्ट मात्र कुणी कधी लिहीत नाही, उठताना दाराशी बोलतात: "लोक काय म्हणतील?"

यादीत सगळ्यात वर रस्ता हवा. आपल्या गावात भ्यायचंच असेल तर रस्त्याला भ्यावं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. शहरातली जड वाहतूक तुम्ही रोज पाहता. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले आणि मागे साधी लाल पट्टीही नसलेले ट्रॅक्टर येतात, तेही पाहता. तरी पालकांच्या यादीत रस्ता तिसरा-चौथा असतो. रोज दिसणाऱ्या गोष्टीची भीती मरते, आणि कधीच न पाहिलेल्या टोळीची वाढत जाते.

साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालता येत नाही. गाडी आली हे दिसतं, पण ती आपल्यापर्यंत किती वेळात पोचेल हे कळत नाही. तुमची मुलगी नेमकी या उंबरठ्यावर आहे. म्हणून वय विचारण्यापेक्षा तिची परीक्षा घ्या. त्या मोठ्या रस्त्याच्या कडेला दोघी उभ्या राहा. ओलांडायचा नाही, नुसतं बघायचं. आता जाता येईल असं तिला वाटेल तेव्हा तिने 'आता' म्हणायचं. तुम्ही मनातल्या मनात तुमचं 'आता' धरायचं. पंधरा-वीस मिनिटं हा खेळ करा, वेगवेगळ्या दिवशी, एकदा तरी संध्याकाळच्या गर्दीत. सुरुवातीला तुम्हाला धडकी भरेल, कारण रिक्षा आणि भरधाव बुलेट तिला सारखीच वाटेल. एका आठवड्यात फरक पडतो. सलग दहा वेळा दोघींचं 'आता' जुळलं की पुढचं बोलू. रस्ता सायकलवरून उतरून, सायकल हातात धरूनच ओलांडायचा, आणि दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून कधीही बाहेर पडायचं नाही. एवढं मात्र पक्कं.

आणि तुमचा हा रस्ता खरोखरच वाईट असेल तर? मी तो पाहिलेला नाही. दुभाजक नाही, गतिरोधक नाही, चौकात कुणी थांबत नाही, असं असेल तर माझं उत्तर सरळ आहे: तेवढा रस्ता कुणीतरी ओलांडून द्या. उरलेलं तिचं ती जाईल. सातशेपैकी सहाशे मीटर एकटी गेलेली मुलगीसुद्धा एकटी गेलेलीच असते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसेल तुम्हाला.

आता तो व्हिडिओ. मुलं पळवली जातच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण अशा फिरत्या व्हिडिओंनी काय होतं, ते सोलापूर जिल्ह्याने तरी विसरू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती, आणि त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. मागे होत्या फोनवरून फिरलेल्या अफवा. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या जत तालुक्यात, लवंगा गावात, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना याच संशयावरून पट्ट्यांनी आणि काठ्यांनी मारलं. निमित्त काय, तर एका पोराला रस्ता विचारला. म्हणून ग्रुपवर असा व्हिडिओ आला की मी खाली एवढंच लिहिते: "हे कुठलं, कधीचं, कुणी पाहिलं?" आजवर एकदाही उत्तर आलेलं नाही. एकदा मला ग्रुपमधून काढलं तेवढं.

'अनोळखी माणसाशी बोलायचं नाही' हे आपण सगळेच शिकवतो. मीही शिकवायचे. एका जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत होम मैदानावर मी हरवलेल्या मुलांच्या मांडवात बसले होते. सहा-सात वर्षांचा एक मुलगा आणला. नाव सांगेना. कारण आम्ही सगळे अनोळखी! अर्ध्या तासाने बोलता झाला, तर आईचं नाव 'मम्मी', आणि फोन नंबर? "पप्पांच्या मोबाईलमध्ये आहे." त्याची आई पन्नास पावलांवर पाळण्याशी रडत उभी होती. शिकवलेलं पोराने तंतोतंत पाळलं होतं.

तेव्हापासून मी वाक्य बदललं. आता मुलांना सांगते: मदत लागली तर माणूस तू निवडायचा, ज्याने तुला निवडलं त्याच्याबरोबर जायचं नाही. दुकानात गल्ल्यावर बसलेला माणूस, बरोबर लेकरं असलेली बाई, वर्दीतला पोलिस, यांच्यापैकी कुणाकडेही आपण होऊन जायचं. पण कुणी आपण होऊन आलं आणि "चल, आईने बोलावलंय" म्हणालं, की घरातला परवलीचा शब्द विचारायचा. आमच्या घरी तो 'कडक भाकरी' होता. शब्द आला नाही तर मोठ्याने ओरडून गर्दीकडे पळायचं. तुमचा आणि आणखी एका मोठ्या माणसाचा नंबर तोंडपाठ हवा, तोही झोपेतून उठवल्यावर सांगता येईल इतका. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि कुठल्याही संकटातला ११२ हेही. घड्याळात ट्रॅकर असलं तर असू द्या, माझी हरकत नाही. फक्त ते घड्याळ पोरगी कुठे आहे एवढंच सांगतं. तिथे तिने काय करायचं, ते तिच्या डोक्यातच असावं लागतं.

यादीतली सगळ्यात अवघड ओळ म्हणजे 'नको तिथे हात लावेल'. इथे मला थोडं कडू बोलावं लागेल. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. सायकलवर न पाठवल्याने ही भीती कमी होत नाही. ती कमी होते मुलगी बोलती असण्याने. तिला गंमत आणि गुपित यांतला फरक शिकवा. बाबांच्या वाढदिवसाची भेट ही गंमत, कारण एक दिवस ती सगळ्यांना कळणारच असते. 'हे कधीच कुणाला सांगायचं नाही' असं मोठं माणूस म्हणालं, तर ते पहिल्यांदा आईला सांगायचं. आणि कुण्या काकांनी पापा मागितला आणि ती नको म्हणाली, तर "अगं, दे की, काका आहेत" असं तुम्ही म्हणू नका. नाही म्हणायची सवय घरात लागली नाही, तर रस्त्यावर कुठून येणार?

पण ती बोलती राहील की नाही हे तुमच्या हातात आहे, आणि इथे मी स्वतः चुकलेली आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना सात रस्त्याहून घरी येताना चुकीच्या सिटी बसमध्ये बसली. पार अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडे गेली. उतरली, एका टपरीवर गेली, नंबर सांगितला, फोन केला आणि मी येईपर्यंत तिथेच बाकड्यावर बसून राहिली. पाटी वाचण्यात चूक झाली होती, बाकी सगळं तिने बरोबर केलं होतं. मी मात्र गाडी स्टँडला लावायच्या आधीच तिच्यावर ओरडायला सुरुवात केली, त्या टपरीवाल्यासमोर. दोन महिने बस बंद केली. त्याची किंमत कळायला दोन वर्षं गेली. आठवीत असताना एक मुलगा तीन आठवडे तिच्या मागे यायचा आणि ते मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. का सांगितलं नाहीस म्हटल्यावर म्हणाली, "तू ओरडली असतीस आणि क्लास बंद केला असतास." खरंच केला असता.

तेव्हा आधी हे ठरवा: तिने येऊन संकट सांगितलं तर रागावणं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं जाणं बंदही नाही. मुलांच्या हिशेबात बंद करणं हीच मोठी शिक्षा असते.

बाकीच्या ओळी सोप्या आहेत. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, सायकल मध्ये धरून उभं राहायचं. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, आणि त्याच दिवशी लस. चेन चढवायला शिकवा, हात काळे होऊ द्या. मे महिन्यात दुपारचं ऊन चाळीसच्या वर असतं, तेव्हा हा प्रयोग सुरू करू नका. दिवाळीनंतर, संध्याकाळी उजेड असताना करा.

आता पाठवायचं कसं. मी याला चार पाळ्या म्हणते. पहिल्या पाळीत तुम्ही पुढे, ती मागे. तुम्ही प्रत्येक वळणावर मोठ्याने बोलायचं: "इथे मी थांबले, कारण या बोळातून गाड्या एकदम बाहेर येतात." दुसऱ्या पाळीत ती पुढे, तुम्ही मागे, आणि तोंड बंद. हे तोंड बंद ठेवणं फार जड जातं. मी पैज लावून सांगते, पहिल्या शंभर मीटरमध्ये तुम्ही "हॉर्न बघ!" म्हणाल. खरा धोका असेल तरच बोला, बाकी सगळं घरी येऊन. तिसऱ्या पाळीत ती एकटी, तुम्ही लांबून, आणि हे तिला माहीत असलं पाहिजे. चोरून पाठलाग करू नका, एकदा पकडलं की तुमच्यावरचा विश्वास जातो. चौथ्या पाळीत तुम्ही घरी. पोचल्यावर क्लासमधून एक मिस कॉल, निघताना एक.

एकेक पाळी किती दिवस? ते मुलावर आहे. माझ्याकडे एका मुलाची दुसरी पाळी दोन महिने चालली, आणि एका मुलीने दहा दिवसांत चारही संपवल्या. उतावळ्या मुलाला जास्त वेळ द्या. बुजऱ्या मुलाला वाटेवरच्या दोन दुकानदारांची आधी ओळख करून द्या. डोळ्यांचा नंबर तपासला नसेल तर तो आधी तपासा, कारण लांबची गाडी धूसर दिसणाऱ्या मुलाला आपण उगीच वेंधळं म्हणतो. कानाचंही तसंच. लक्ष न टिकण्याचा त्रास असेल, तर माझ्यासारखीने लांबून सांगितलेल्यावर जाऊ नका, डॉक्टरांशी बोला. बहुतेक आई-वडील चुकतात ते वेगळ्याच ठिकाणी. पहिल्या पाळीवरून थेट चौथीवर उडी मारतात, पोर घाबरून परत येतं, आणि मग "बघ, मी म्हणत नव्हतो?"

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. माझ्याकडे बार्शीकडच्या एक आजी आल्या होत्या, नातवाला दारातल्या दुकानात पाठवू देत नसत. घरातले म्हणायचे, जुन्या वळणाच्या आहेत. दोन बैठकींनंतर आजी बोलल्या: लहानपणी आईने त्यांच्या धाकट्या भावाला शेतात डबा द्यायला पाठवलं आणि तो विहिरीत गेला. पाठवलेलं पोर परत येत नाही, एवढंच त्यांच्या मनात साठ वर्षं बसलं होतं. तुमच्या सासूबाईंचं असंच काही असेल असं नाही. पण विचारा. "आई, काय काय होईल असं वाटतं तुम्हाला? सांगा, मी लिहून घेते." त्यांच्या हाताखाली यादी करा. मग त्यांना पाळीत घ्या. तिसऱ्या पाळीला गेटपाशी कट्ट्यावर बसून नात वळणापर्यंत जाते का ते बघणं हे काम त्यांचं. मिस्टरांना शनिवारची एक पाळी द्या. ते स्वतः तिच्या मागून चालल्याशिवाय तिला काय जमतं ते त्यांना दिसणार नाही, आणि "आई म्हणते तसं कर" हे वाक्य तोपर्यंत सुटणार नाही.

'पोरीची जात' याबद्दल एकच सांगते. मुलींचं फिरणं आपण नेमकं अकरा-बाराव्या वर्षी कापतो, सरावाची खरी गरज सुरू होते तेव्हा. त्याच घरातला मुलगा चौदाव्या वर्षी स्कूटी उडवतो आणि त्याचं कौतुक होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी सांगते तेव्हा लोक हसतात. सायकल धोक्याची, आणि स्कूटी सोयीची! मग बारावी झाली की त्याच मुलीला हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसवून पुण्याला पाठवतात. माझ्याकडे आलेली एक हुशार मुलगी हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यात रोज दुपारी आईला फोन करून विचारायची, मी आता जेवू का? तिला भूक कळत नव्हती असं नाही. आजवर तिच्या वतीने कुणीतरी ठरवत आलं होतं.

आणि दुसरं टोकही मी पाहिलंय, म्हणून 'मोकळं सोडा, आपोआप शिकतात' म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. पूर्व भागातल्या शाळेत माझ्या वर्गात एक तिसरीतली मुलगी होती. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. नळाला पाणी आलं की पाणी भरणं, धाकट्याला सांभाळणं, आईबरोबर विड्यांचं टोपलं घेऊन कारखान्यात जाणं, सगळं तीच करायची. पाहुणे म्हणायचे, बघा, किती स्वावलंबी! ती आठवड्यातून दोन दिवस शाळेत यायची नाही. तिच्यावर ते पडलं होतं, तिला कुणी शिकवलं नव्हतं. आणि काही बिघडलं तर सांगायला घरात जागं माणूस नव्हतं. तुमच्या मुलीमागे चार पाळ्या आहेत, परवलीचा शब्द आहे, कट्ट्यावर आजी आहे. हा फरक सासूबाईंनाही सांगा, सोसायटीच्या ग्रुपलाही सांगा. 'लोक काय म्हणतील' याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: लोकांना तुमची योजना सांगून टाका. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सांगितलं की तो आपणहून लक्ष ठेवतो. गल्लीतले निम्मे टीकाकार असेच माझ्या कामाला आलेत.

पहिल्या दिवशी ती एकटी निघेल तेव्हा क्लासमधल्या बाईंना आधी फोन करून ठेवा, पण पोचायच्या आत तीन वेळा करू नका. सायकलवर तिला पाच-सहा मिनिटं लागतील, तुम्हाला तासाभरासारखी वाटतील. परत आल्यावर लगेच "काय झालं, कोण भेटलं" सुरू करू नका. शेंगांची चटणी, भाकरी, दही, जे असेल ते पुढे ठेवा आणि गप्प बसा. खाता खाता ती स्वतःच सांगेल, वाटेतल्या कुत्र्यापासून सगळं. आणि ती गेल्यावर हातांना काम हवं म्हणून चहा ठेवणार असाल तर गॅसजवळून हलू नका. मी खिडकीत जाऊन उभी राहिले होते, पातेलं अजून काळं आहे.